करवली : मान आणि काम

तुळशीची लग्ने लागली की आपल्या इंदूर नगरीत लग्नसराईस प्रारंभ होतो. रामबाग, नारायणबाग, लोकमान्यनगर इत्यादी भागांतील मराठी कुटुंबे पहिली कुंकुमपत्रिका घेऊन बडा गणपतीच्या दर्शनास येतात. सुमारे पंचवीस फूट उंचीच्या त्या भव्य मूर्तीपुढे पत्रिका ठेवून कार्य निर्विघ्न पार पडावे अशी प्रार्थना करतात, आणि घरी परतून कामांच्या याद्या करू लागतात. त्या याद्यांत आचारी असतो, मांडववाला असतो, वाजंत्री असतात, छायाचित्रकारही असतो. करवलीच्या नावापुढे मात्र बहुधा एकच नोंद आढळते, ती म्हणजे तिच्या साडीची. करवलीने त्या दिवशी काय करावयाचे, हे कोणत्याच यादीत लिहिलेले नसते.

प्रस्तुत लेखक वयाने लहान आहे. तथापि वडिलांच्या पौरोहित्यात साहाय्यक म्हणून बोहल्याजवळ बसण्याचा योग त्यास पुष्कळ वेळा आला आहे. मांडवात बसणाऱ्यास जे दिसत नाही, ते बोहल्याजवळ बसणाऱ्यास दिसते. करवली जागरूक असेल तर कार्यात केवढी शांतता राहते आणि ती बेसावध असेल तर नवरीची किती ओढाताण होते, हे पाहून या विषयावर चार शब्द लिहावेत असे वाटले. ज्या घरी यंदा कार्य आहे, त्या घरच्या मुलींनी हा पाठ अवश्य वाचावा आणि वडीलधाऱ्यांनीही त्यावर विचार करावा.

करवली म्हणजे कोण?

वधूची अथवा वराची बहीण विवाहप्रसंगी पाठीशी उभी राहते, तिला करवली म्हणतात. काही ठिकाणी ‘कलवरी’ असाही उच्चार ऐकू येतो. सख्खी बहीण नसेल तर चुलत, मावस, आते किंवा मामेबहीण हा मान घेते. वधूपक्षाची करवली निराळी आणि वरपक्षाची निराळी. एकीच्या हाती करा व दुसरीच्या हाती दिवा, किंवा दोघींच्याही हाती दोन्ही, अशी घरोघरची रीत भिन्न आहे. करा म्हणजे पाण्याने भरलेले लहान पात्र. त्याच्या मुखाशी आंब्याची अथवा विड्याची पाने लावून वर नारळ ठेवतात. अंतरपाट धरला असता करवली हे पात्र व दीप घेऊन मागे उभी राहते आणि मंगलाष्टके संपून माळा पडल्या की कऱ्यातील पाणी बोटाने वधूवरांच्या डोळ्यांस लावते.

हा विधी एवढाच. परंतु त्यामागील भाव मोठा आहे. त्या दिवशी नवरीचे आईवडील देवक, व्याही, पाहुणे आणि पंगती यांत गुंतलेले असतात. मामा तिला बोहल्यापर्यंत आणतो आणि कृतकृत्य होतो. भाऊ लाजाहोमास येतो, कान पिळतो, मानाचा आहेर घेतो. सकाळपासून रात्रीपर्यंत केवळ नवरीकडे लक्ष देण्यासाठी नेमलेले माणूस संपूर्ण मांडवात एकच, आणि ते म्हणजे करवली. हे ध्यानात आले म्हणजे तिची सर्व कर्तव्ये आपोआप समजतात.

शास्त्रात तिचा आधार कोठे?

आपल्याकडील ऋग्वेदी कुटुंबे आश्वलायन गृह्यसूत्रास अनुसरतात, तर शुक्ल यजुर्वेदी माध्यंदिन कुटुंबे पारस्कर गृह्यसूत्रास अनुसरतात. यांपैकी कोणत्याही सूत्रात ‘करवली’ हे नाव नाही. मग ही रीत अशास्त्रीय म्हणावयाची काय? मुळीच नाही. आश्वलायनांनी विवाहप्रकरणाच्या आरंभीच सांगितले आहे की, देशोदेशींचे व गावोगावचे आचार नाना प्रकारचे असतात, ते विवाहात पाळावेत. आपस्तंबांनी तर याही पुढे जाऊन असे आचार स्त्रियांकडून जाणून घ्यावेत, असे म्हटले आहे. सूत्रकारांनी ज्या विषयात स्वतःकडे न घेता आजीकडे, काकूकडे, आत्याबाईंकडे बोट दाखविले, त्यांपैकीच करवली हा एक विषय आहे.

तथापि करवलीच्या कामाशी जुळणारी दोन चित्रे प्राचीन ग्रंथांत निश्चित सापडतात. पहिले ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील पंच्याऐंशीव्या सूक्तात आहे. सवित्याची कन्या सूर्या हिचा सोमाशी विवाह, हा त्या सूक्ताचा विषय. त्यात रैभी ही सूर्येची ‘अनुदेयी’ होती असे वर्णन येते. रैभी हे वस्तुतः एका प्रकारच्या ऋचांचे नाव. कवीने त्या ऋचांनाच नवरीची सोबतीण कल्पिले. चौदाव्या शतकातील भाष्यकार सायणाचार्यांनी ‘अनुदेयी’ याचा अर्थ वधूचे मन रमावे म्हणून तिच्याबरोबर दिलेली समवयस्क सखी, असा केला आहे. नवरीने एकटीने जाऊ नये, हा विचार इतका जुना आहे.

दुसरे चित्र पारस्कर गृह्यसूत्रातील आहे. वधूवर विवाहस्थानी निघाल्यापासून एक व्यक्ती खांद्यावर पाण्याचा कुंभ घेऊन अग्नीच्या बाजूस मौन धरून उभी राहते, आणि योग्य वेळी त्या पाण्याने वधूच्या मस्तकावर सिंचन केले जाते. आश्वलायनांनीही सप्तपदीनंतर वधूवरांची मस्तके जवळ आणून त्यांवर उदककुंभातील पाणी शिंपडावे असे सांगितले आहे. हीच व्यक्ती पुढे करवली झाली, असे ठाम विधान करण्याचे धाडस आम्ही करीत नाही. परंतु पाणी घेऊन स्थिर उभे राहणे, गोंगाटात न बोलणे आणि नेमक्या क्षणी पुढे होणे, हे तिन्ही गुण करवलीस आजही हवेत.

वधूच्या करवलीची दिनचर्या

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. तयारी आदल्या रात्रीच करावी. एका लहान पिशवीत सुईदोरा, टाचण्या, केसांचे आकडे, दोन स्वच्छ रुमाल, हळदकुंकवाची कुयरी, पिण्याच्या पाण्याची बाटली आणि नवरीस काही औषध चालू असल्यास ते औषध ठेवावे. ही पिशवी दिवसभर करवलीच्या दृष्टीआड होऊ देऊ नये. दागिन्यांची मात्र जबाबदारी करवलीने आपल्याकडे घेऊ नये. कोणता दागिना कोणाकडून आला आणि कोणाकडे परत जावयाचा, याची यादी करून ती घरातील एखाद्या जबाबदार वडील स्त्रीच्या हाती द्यावी. करवलीने त्या यादीची दुसरी प्रत आपल्याजवळ बाळगावी, म्हणजे सायंकाळी घोटाळा होत नाही.

लग्नाच्या दिवशी सकाळी हळद, मंगलस्नान, पुण्याहवाचन व देवकस्थापना होते. बहुतेक घरांत लग्न लागेपर्यंत नवरी उपाशी असते. मुहूर्त दुपारचा किंवा गोरज असला तर हा उपवास फार लांबतो. दूध, फळे, लिंबाचे सरबत यांस सहसा कोणाचा आक्षेप नसतो. करवलीने सकाळीच भटजींना विचारून घ्यावे आणि दर दोन तासांनी नवरीस काहीतरी घ्यावयास लावावे. एका कार्यात विवाहहोमाच्या वेळी धुराने व उपवासाने नवरीस घेरी आलेली आम्ही पाहिली आहे. त्या वेळी करवली मांडवाच्या दुसऱ्या टोकास छायाचित्रे काढून घेण्यात गुंतली होती, आणि नवरीस पाणी आणून दिले ते वाढप्यांपैकी एकाने. त्या मुलीस दोष देण्यापेक्षा, तिला तिचे काम कोणी सांगितलेच नव्हते असे म्हणणे अधिक न्यायाचे होईल.

यानंतर नवरी मामाकडची पिवळी अष्टपुत्री नेसून गौरीहरापुढे बसते. थोडे थोडे तांदूळ वाहत तिने गौरीचे चिंतन करावयाचे असते. संपूर्ण दिवसात नवरीस मनाचे एकांत मिळण्याची ही एकच वेळ. परंतु हल्ली याच वेळी मैत्रिणींचा घोळका व छायाचित्रकार यांची गर्दी होते. करवलीने शेजारी पाट मांडून बसावे, येणाऱ्यास गोड शब्दांत थोडे थांबावयास सांगावे आणि समईची ज्योत पदरापासून दूर राहील असे पाहावे. बोलावयाचे नसेल तर नवरीस बोलू देऊ नये, रडू आले तर रडू द्यावे.

मुहूर्त जवळ आला की मामा नवरीस बोहल्याकडे नेतो. करवलीने करा व दिवा घेऊन मागोमाग चालावे. करा काठोकाठ भरू नये, तीन चतुर्थांश पुरे. भरलेल्या कऱ्यातील पाणी पायऱ्यांवर सांडते आणि नव्या वहाणा नसलेले पाय त्यावरून घसरतात. दिवा धरणाऱ्या करवलीने पदर खोचलेला असावा व केस बांधलेले असावेत. आजकालच्या कृत्रिम धाग्यांच्या साड्या एका ठिणगीने पेट घेतात, म्हणून दीप स्वतःच्या व नवरीच्या वस्त्रापासून वीतभर तरी लांब धरावा. अक्षतांच्या वर्षावात ज्योत विझू नये म्हणून दुसऱ्या तळहाताचा आडोसा करावा. विझलीच तर अपशकुन म्हणून डोळ्यांत पाणी आणू नये. शेजारच्या समईवरून पुन्हा लावावी.

अक्षता वाटण्याचे कामही पुष्कळदा करवल्यांकडे येते. प्रत्येकास चिमूटभरच द्याव्यात. मूठमूठ तांदूळ दिले की मागच्या रांगांतून ते दगडासारखे फेकले जातात, नवरानवरीच्या डोळ्यांत जातात आणि अन्न पायदळी तुडविले जाते, ते निराळेच.

प्रत्येक मंगलाष्टकाच्या शेवटी ‘सावधान’ हा शब्द येतो. तो ऐकून समर्थ रामदास बोहल्यावरून निघून गेले, ही आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे. करवलीने त्या शब्दाचा साधा अर्थ घ्यावा. पूर्वी घंगाळातील पाण्यात घटिकापात्र तरंगत ठेवून मुहूर्ताचा क्षण पाहत. आज मनगटावर घड्याळ आहे; परंतु शेवटचे मंगलाष्टक संपताच अंतरपाट दूर होणार, माळांचे ताट हाताशी हवे आणि कऱ्यातील पाणी डोळ्यांस लावावयाचे, हा क्रम तिच्या मनात आधीपासून ठरलेला असला पाहिजे.

कन्यादान व मंगळसूत्रबंधन झाल्यावर विवाहहोम होतो. लाजाहोमाच्या वेळी भाऊ बहिणीच्या ओंजळीत लाह्या घालतो; लाह्यांचे सूप करवलीने त्याच्या जवळ धरावे. अग्नीभोवती फिरताना नवरीच्या शालूचा काठ व शेल्याची गाठ सांभाळावी. त्यानंतर सात तांदळांच्या राशींवरून सप्तपदी होते. हा केवळ शोभेचा विधी नव्हे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या सातव्या कलमानुसार, ज्या विवाहात सप्तपदीची रीत आहे तेथे सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण व बंधनकारक होतो. विधीवाचून केवळ प्रमाणपत्राने हिंदू विवाह सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेही २०२४ साली एका निर्णयात स्पष्ट केले आहे. म्हणून त्या सात पावलांच्या वेळी थट्टा, हाका व ‘इकडे पाहा’ अशी छायाचित्रकाराची आज्ञा, हे सर्व थांबविण्याचा अधिकार करवलीस आहे असे समजावे.

नवऱ्याचे जोडे लपविण्याची गंमत मूळची आपली नव्हे. माळव्यातील शेजाऱ्यांकडून ती आपल्या मांडवात आली. शेजाराने आलेली गंमत घेण्यास हरकत नाही. परंतु विधी चालू असता ती करू नये आणि पैशांच्या आकड्यावरून घासाघीस होऊन कोणाचा चेहरा उतरेल इतकी ताणू नये.

पंगतीच्या वेळी नवरीस उखाण्यांचा आग्रह होतो, घास भरविण्याचा कार्यक्रम होतो, आणि ताटातील अन्न तसेच राहते. ती पोटभर जेवली किंवा नाही, हे करवलीने पाहावे. आहेर लिहून घेण्याची वही तिच्याकडे असेल तर नाव व आकडा तेथल्या तेथे लिहावा. कोणी किती दिले याची वाच्यता मात्र कोणाजवळही करू नये.

वराची करवली

वराच्या करवलीस मान मोठा. त्यामुळे तिच्या रुसव्याफुगव्यांच्या गोष्टीही फार. साडी मनासारखी नाही, ओवाळणी कमी पडली, झालीच्या वेळी आपले नाव आधी घेतले नाही, अशा कारणांनी उभ्या मांडवात अबोला धरलेला पाहण्यात येतो. तिने हे लक्षात घ्यावे की आजची करवली ही उद्याची वन्सं आहे. नवी वहिनी त्या घरातील पहिली ओळख तिच्या वागण्यावरून करून घेत असते.

वरात घरी आली की उंबऱ्यावर तांदळाचे माप ठेवतात आणि नववधू ते उजव्या पायाने लवंडून आत येते. त्याआधी बहीण दार अडवते व भावाकडून वचन मागते की, तुला मुलगी झाली तर ती माझ्या मुलास द्यावी. मामाच्या मुलीशी विवाह करण्याची जी रीत महाराष्ट्रातील अनेक समाजांत होती, तिचा हा अवशेष आहे. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या भारतीय नातेसंबंधांवरील ग्रंथात या रीतीचा विचार केला आहे. आज हिंदू विवाह कायद्याप्रमाणे भाऊबहिणींच्या मुलांचा विवाह, तशी रूढी नसेल तर, निषिद्ध आहे. त्यामुळे दार अडविणे हा आता निव्वळ लाडाचा खेळ उरला आहे आणि तो खेळाप्रमाणेच दोन मिनिटांत संपवावा. दिवसभर उभी असलेली मुलगी दाराबाहेर तिष्ठत आहे, हे विसरू नये.

लक्ष्मीपूजन होऊन सर्व स्थिरस्थावर झाले की वराच्या करवलीने एक साधे काम करावे. नववधूस आत नेऊन न्हाणीघर कोठे, पिण्याचे पाणी कोठे, रात्री दिव्याचे बटण कोणते, आईंना काय म्हणून हाक मारावयाची, हे सांगावे. हे आहेरात मोडत नाही. परंतु पुढे वर्षानुवर्षे आठवते ते हेच.

पाठराखीण

वधूबरोबर सासरी जाऊन काही दिवस राहणारी सोबतीण ती पाठराखीण. पुष्कळदा करवलीच पाठराखीण होई. ही रीत का पडली, हे समजण्यासाठी त्या काळच्या नवरीचे वय पाहिले पाहिजे. रमाबाई रानडे यांचा विवाह १८७३ साली झाला तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. लक्ष्मीबाई टिळक १८८० साली सासरी आल्या त्याही जवळजवळ तेवढ्याच. अकरा वर्षांचे लेकरू परक्या घरी रात्री घाबरून उठले तर त्याच्या जवळ ओळखीचा एक चेहरा असावा, यासाठी पाठराखीण होती.

पुढे १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीचे किमान वय चौदा केले, १९७८ साली ते अठरा झाले आणि २००६ च्या कायद्याने बालविवाहाचा प्रतिबंध अधिक कडक केला. आज नवरी शिकलेली, बहुधा नोकरी करणारी असते. मग पाठराखिणीचे प्रयोजन संपले काय? रीत म्हणून ती पुष्कळ घरांतून गेली. परंतु पहिल्या आठ दिवसांत बहिणीला आवर्जून दूरध्वनी करणे आणि ‘बरी आहेस ना’ या प्रश्नाचे उत्तर शब्दांवरून न घेता स्वरावरून घेणे, ही पाठराखीणच होय.

मौन केव्हा आणि बोलणे केव्हा?

येथे या पाठातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा येतो. कुंभ घेऊन उभ्या राहणाऱ्याने मौन धरावे असे पारस्करांनी सांगितले. परंतु सर्वच प्रसंगी मौन हा गुण ठरत नाही. कालिदासाच्या शाकुंतलात अनसूया व प्रियंवदा या दोघी सख्या शकुंतलेच्या पाठवणीची सर्व सिद्धता करतात. फुले, अंगराग, अलंकार यांत काही उणे पडू देत नाहीत. मात्र दुर्वासाने दिलेला शाप त्यांना ठाऊक असतो. शकुंतला मनाने कोमल, तिला धक्का बसेल, म्हणून त्या दोघी तो आपसांतच ठेवतात. तिलाही सांगत नाहीत आणि कण्वांनाही नाही. निघताना एवढेच म्हणतात की, राजाने ओळखले नाही तर ही अंगठी दाखव. अंगठीचे मोल न कळलेल्या शकुंतलेच्या हातून ती पाण्यात पडते आणि भर दरबारात तिच्यावर नाकारले जाण्याचा प्रसंग येतो. सख्यांचे प्रेम खरे होते. परंतु जे सांगावयास हवे होते ते त्यांनी सांगितले नाही.

करवलीलाही अशा गोष्टी कळतात, कारण नवरी आईजवळ बोलणार नाही ते बहिणीजवळ बोलते. हे लग्न तिच्या मनाविरुद्ध ठरले आहे, ऐन वेळी पैशाची किंवा गाडीची मागणी आली आहे, वराविषयी काही गंभीर गोष्ट लपविली गेली आहे, असे तिने सांगितले तर करवलीने ‘आता काय उपयोग, मांडव पडला आहे’ असे म्हणून तिला गप्प करू नये. घरातील ज्या वडील माणसाच्या विवेकावर विश्वास असेल, त्याच्या कानी ती गोष्ट तत्काळ घालावी. हुंडा मागणे, देणे व घेणे हे १९६१ च्या कायद्याने अपराध आहेत. मांडव मोडण्याची लाज चार दिवसांची असते. मोडलेल्या संसाराचे दुःख तेवढ्यात संपत नाही. उलट, पाहुण्यांची कुजबुज, कोणाच्या दागिन्यांचे वजन, व्याह्यांचा एखादा उणा शब्द, अशा गोष्टी करवलीच्या कानी आल्या तर त्या तिने तेथेच पुराव्यात, नवरीपर्यंत पोहोचू देऊ नयेत.

करवली कोणी व्हावे?

शेवटी एक प्रश्न राहतो, आणि तो काहीसा अवघड आहे. कुमारिका अथवा सवाष्ण बहिणीनेच करा-दिवा घ्यावा, वैधव्य आलेल्या बहिणीने मागे राहावे, अशी समजूत आजही घराघरांतून आहे. काही गृह्यसूत्रांत विशिष्ट मंगलकृत्यांसाठी अविधवा स्त्रियांचा उल्लेख येतो, हे लपविण्याचे कारण नाही. परंतु करवली हीच मुळी लोकाचारातून आलेली आहे. लोकाचार लोकांनी घडविला, आणि तो लोकच सुधारू शकतात. १८५६ साली विधवाविवाहास कायद्याची संमती मिळाली. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी विधवेशी विवाह करून लोकनिंदा सोसली. अलीकडे २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामपंचायतीने विधवांना हीन लेखणाऱ्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि महाराष्ट्र शासनाने इतर ग्रामपंचायतींनी त्याचे अनुकरण करावे असे सुचविले. मग आपल्या मांडवातील एका कऱ्यासाठी आपण किती काळ अडून राहणार?

काही वर्षांपूर्वी एका कार्यात असा प्रसंग आमच्यासमोर आला. नवरीची आई ती लहान असतानाच गेलेली. थोरल्या बहिणीने तिला वाढविले, शिकविले. त्या थोरल्या बहिणीस मध्यंतरी वैधव्य आले होते. गौरीहराच्या वेळी ती आपण होऊन कोठीघरात जाऊन बसली. नवरीने मामास सांगितले की, करा ताईच्या हाती असेल तरच मी बोहल्यावर येईन. मंडळींत कुजबुज सुरू झाली. कोणी मुहूर्त टळेल म्हणाले, कोणी मुलीस समजवा म्हणाले. अखेर सर्वांनी माझ्या वडिलांकडे पाहिले. वडील म्हणाले, “करवलीस काय हवे ते मला ठाऊक आहे. हात स्थिर हवा आणि मुलीवर जीव हवा. या दोन्ही गोष्टी जिच्यापाशी आहेत तिला बोलावून आणा.” ताईंना बोलाविण्यात आले. मुहूर्त टळला नाही, दिवाही विझला नाही. माळा पडल्यानंतर ताईंनी धाकट्या बहिणीच्या डोळ्यांस पाणी लावले, तेव्हा ज्या आत्याबाई सर्वांत आधी कुरकुरल्या होत्या, त्यांनीच पुढे येऊन ताईंच्या हातातील करा घेतला आणि त्यांना बसावयास पाट दिला.

तेव्हा करवली निवडताना वय, रूप, साडी, किंवा कपाळावरील कुंकू यांपेक्षा दोनच गोष्टी पाहाव्यात : नवरीचे तिच्यावर प्रेम आहे काय, आणि कामाच्या वेळी ती जागेवर असते काय. दहा-बारा वर्षांच्या हौशी मुलींना करवल्या म्हणून अवश्य नटवावे, त्यांच्या हाती माळांचे ताट द्यावे. परंतु त्यांच्याबरोबर एक जाणती करवली असलीच पाहिजे. दिवा लहान मुलींच्या हाती देऊ नये. सख्खी बहीण नाही म्हणून मुलीने मनात खंत बाळगू नये. मैत्रीण, शेजारची ताई, धाकटी मावशी, यांपैकी कोणीही हे काम करू शकते.

घरात विचार करण्यासाठी

ज्या घरी यंदा कार्य आहे, त्यांनी एका सायंकाळी एकत्र बसून पुढील प्रश्नांची उत्तरे ठरवावीत.

१. लग्नाच्या दिवशी केवळ नवरीकडे लक्ष देण्याचे काम आपण कोणाकडे सोपविले आहे? तिला ते स्पष्ट शब्दांत सांगितले आहे काय?

२. नवरीने सकाळपासून काय खावे-प्यावे, हे भटजींना विचारून ठरविले आहे काय?

३. दागिन्यांची यादी कोणाकडे आहे, आणि तिची दुसरी प्रत कोठे आहे?

४. सप्तपदीच्या वेळी मांडवात शांतता राखण्याची सूचना छायाचित्रकारास व वाजंत्र्यांस आधी दिली आहे काय?

५. आपल्या घरातील कोणी बहीण त्या दिवशी कोठीघरात जाऊन बसणार आहे काय? असल्यास तिला बोलवावयास कोण जाणार?

पहिल्या चार प्रश्नांची उत्तरे यादीत लिहून भागेल. पाचव्याचे उत्तर मात्र कागदावर न लिहिता, लग्नाच्या आदल्या दिवशी घरातील वडीलधाऱ्यांनी स्वतः उठून त्या बहिणीकडे जावे आणि तिला तोंडी द्यावे.